कापूर, कांदा आणि ‘मला काही झालेलं नाही’

नमस्कार मंडळी. सुट्ट्या जवळ आल्या की मला एकाच टाइपचे फोन सुरू होतात, लेहला चाललोय, जॅकेट कुठलं घेऊ आणि कापूर किती नेऊ. आता हे कापराचं आज एकदाचं क्लिअर करून टाकतो. कापूर हुंगला की नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, बास, रक्तातला ऑक्सिजन त्याने एक टक्का पण वाढत नाही. पुरचुंडी गळ्यात घालायची तर खुशाल घाला, फक्त तिच्या भरवशावर पहिल्याच दिवशी लेहच्या शांती स्तूपाच्या पायऱ्या चढायला जाऊ नका.

मी मूळचा अकोल्याचा, राहतो पुण्यात, आणि बरीच वर्षं झाली लोकांना हिमालयात घेऊन जातो. डॉक्टर नाही हं मी, आधीच सांगतो. पण ऊन, थंडी आणि विरळ हवा तिन्ही जवळून बघितलंय आणि तिन्हीत एक गोष्ट सेम असते, की आपल्याला काहीतरी होतंय हे कळायची अक्कलच गुल होते, आणि माणूस छातीठोकपणे सांगतो, मला काही झालेलं नाही.

दिल्लीहून विमानात बसलात की सव्वा तासाच्या आसपास तुम्ही लेहला, म्हणजे साडेतीन हजार मीटरवर. हवेतला ऑक्सिजन तिथं पण २१ टक्केच असतो बरं का, मुंबईत तेवढाच लेहला तेवढाच, पण हवेचा दाब कमी, त्यामुळे एका श्वासात जेवढा मिळायचा त्याच्या साधारण दोन तृतीयांशच मिळतो, आणि ‘खारदुंग ला’ या लेहच्या वरच्या खिंडीत गेलात की जवळजवळ निम्मा. शरीर लगेच कामाला लागतं, श्वास वाढतो, नाडी वाढते, मग किडनी रक्तातलं आम्ल-अल्कलीचं गणित जुळवायला घेते, पण त्याला दोन-चार दिवस लागतात, आणि आपली टूर असते सहा दिवसांची! डोकं दुखणं, भूक न लागणं, मळमळ, झोप न येणं, हे बहुतेकदा पहिल्याच दिवशी किंवा रात्री सुरू होतं. हे जोवर आहे तोवर अजून वर जायचं नाही, इतका साधा नियम आहे. रोज जिमला जातो वगैरे इथे चालत नाही. १९६२ च्या युद्धात मैदानी भागातले जवान घाईघाईत उंचावर न्यावे लागले, सगळे तरणेबांड, आणि त्यातले कितीतरी गोळी न लागताच आजारी पडले. लष्करी डॉक्टरांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये छापला, जगभरचे डॉक्टर अजून त्याचा दाखला देतात.

आमच्या ग्रुपमध्ये एकदा एक काका होते, साठीचे, रोज पर्वती चढणारे. पहिल्या दिवशी झोपा म्हटलं तर संध्याकाळी बाजार फिरून आले. दुसऱ्या रात्री खोकला सुरू. म्हणाले विमानातल्या एसीचा आहे. सकाळी नाश्त्याला आले तर मुलगी मला बाजूला घेऊन म्हणाली, दादा, बाबा उलटसुलट बूट घालून आलेत आणि मी सांगितलं तर माझ्यावरच चिडले. मी फरशीची रेघ दाखवली, म्हटलं काका यावर टाचेला पंजा लावत चाला बरं. तिसऱ्या पावलाला भिंत धरली. नुसता खोकला आणि बसल्या जागी धाप म्हणजे फुप्फुसात पाणी होतंय अशी शंका घ्यायची, आणि तोल गेला, बोलणं अडखळलं तर मेंदूला सूज, आणि दोन्हीत वेळ काढायचा नसतो, ऑक्सिजन लावायचा आणि खाली उतरवायचं. गाडीत बसेपर्यंत काका हेच म्हणत होते की मी ठणठणीत आहे, माझे पॅंगाँग तलावाच्या ट्रिपचे पैसे परत द्या.

ही फसवणूक जुनी आहे. १५ एप्रिल १८७५ ला फ्रान्समध्ये झेनिथ नावाच्या बलूनमधून तिघं जण आठ हजार मीटरच्या वर गेले. ऑक्सिजनच्या पिशव्या सोबत होत्या! पण नळी तोंडाला लावावी असं वाटायच्या आतच हातपाय लुळे पडले. दोघं गेले, तिसरे तिसांदिए वाचले पण ऐकू येणं गेलं, आणि त्यांनी नंतर लिहिलंय की त्रास काही होत नव्हता, उलट आत कुठेतरी आनंदच वाटत होता. मला तर हे वाचून काटा आला होता.

आता ऊन. आमच्या अकोल्यात मे महिन्यात ४५ म्हणजे काही विशेष नाही, दुपट्टा बांधायचा, पन्हं प्यायचं, आणि आजी खिशात कांदा टाकायची, जो कापराचाच भाऊ. पण अकोल्याच्या माणसाचं शरीर मार्चपासून हळूहळू तयार होत आलेलं असतं, घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जातं, आणि याला आठ-पंधरा दिवस लागतातच. एसीतून थेट उन्हात जाणाऱ्याकडे ते नसतं. त्यात कोकणपट्टीत दमटपणा, घाम वाळतच नाही, नुसता गळतो, मग अंग थंड कसं होणार? १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईत खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या कार्यक्रमात उन्हाने १४ माणसं दगावली, आणि त्या दिवशी पारा काही विदर्भासारखा ४५ ला नव्हता. माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला तर घाम येतोय का नाही बघत बसू नका, सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी अजिबात ओतायचं नाही.

थंडीचं थोडक्यात, कारण टाइम संपत आलाय. थंडी बाधायला बर्फ लागतो असं नाही, जुलैमध्ये हरिश्चंद्रगडावर भिजलेला टी-शर्ट आणि कोकणकड्याचा वारा पुरतो. कुडकुडतोय तोवर ठीक, कुडकुडणं थांबलं, जॅकेटची चेन लावता येईना, आणि म्हणाला मला इथेच बसू द्या, की समजायचं थंडी बाधलीय. काही जण तर शेवटी शेवटी उकडतंय म्हणून कपडे काढतात. ओले कपडे काढून कोरडे घाला, वाऱ्यापासून आडोसा करा, नीट गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्या, आणि दारूचा घोट नको, त्याने आतली ऊब उलट बाहेर जाते.

बाकी लेहला जाणाऱ्यांनी डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची का नाही हे निघायच्या आधी आपल्या डॉक्टरला विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. पहिले दोन दिवस नुसते लोळा, आणि पॅंगाँगला मुक्काम असेल तर तो शेवटाकडे ठेवा, कारण तिथं लेहपेक्षा सातशे-आठशे मीटर उंचावर झोपायचं असतं. त्या काकांची मागच्या महिन्यात पर्वतीवर भेट झाली. म्हणाले, तुम्ही उगाच घाबरलात, मला काही झालंच नव्हतं. मुलीने मोबाइलमधला बुटांचा फोटो दाखवला, तर म्हणाले, हा माझा पायच नाही.