'स्वीकारा' दाबण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. साइट उघडली की 'कुकीज स्वीकारा' अशी पाटी समोर येते. ही कुकी म्हणजे काय, ते आज पाहू.

मोबाइलवर एसटीचं तिकीट काढताना आधी गाडी, मग सीट, मग पैसे, असं एकेक पान उघडत जातं. वेबची मूळ घडणच अशी, की एक पान दिलं की सर्व्हर, म्हणजे पान पाठवणारा संगणक, तुम्हाला विसरतो. पुढचं पान मागणारा माणूस तोच की दुसरा, हे त्याला कळत नाही. १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या इंजिनिअरने यावर तोड काढली, तीच कुकी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो ना, तसा सर्व्हर आपल्या ब्राउझरला, म्हणजे पानं दाखवणाऱ्या क्रोमसारख्या अ‍ॅपला, एक नंबर देतो. पुढच्या वेळी ब्राउझर तो दाखवतो आणि ओळख पटते. कुकी म्हणजे व्हायरस नव्हे, ती तुमचे फोटोही उघडत नाही. इथवर तक्रारीला जागाच नाही.

बिघडतं ते पुढे. पान एकाचं असतं, पण त्यावरची जाहिरात भलत्याच कंपनीच्या सर्व्हरवरून येते आणि तीही आपली कुकी ठेवून जाते. समजा, सकाळी तुम्ही थायरॉइडबद्दल वाचलंत, दुपारी कर्जाचे हप्ते पाहिलेत, रात्री मुलीसाठी स्थळं शोधलीत. तिन्हीकडे त्याच कंपनीच्या जाहिराती असतील, तर तिन्ही वेळा तिला एकच नंबर दिसतो. नाव माहीत नसलं तरी घरातलं दुखणं, पैशाची ओढाताण, लग्नाची बोलणी, सगळं एका खात्यावर जमा होतं. सख्ख्या शेजाऱ्यालाही आपण जे सांगत नाही, ते परक्याने न विचारता टिपून ठेवावं, हे मला मुळीच मान्य नाही.

आणि हे कुणाला सुचलं नव्हतं असंही नाही. १९९७ मध्ये कुकीचं पहिलं मानक लिहिलं गेलं, तेव्हाच त्यात अशा परक्या कुकींना आपोआप मुभा देऊ नये असं म्हटलं होतं. बड्या ब्राउझरांनी ते मनावर घेतलं नाही. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने २०२० मध्ये त्या पूर्ण अडवल्या. गूगलच्या क्रोमने त्याच वर्षी त्या काढण्याचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. 'स्वीकारा' एका क्लिकवर आणि नकार मात्र आडवळणाने, म्हणून फ्रान्सने गूगलला १५ कोटी युरोंचा दंड केला. आपला २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही सांगतो, की संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं.

तेव्हा क्रोमच्या सेटिंग्जमध्ये जाऊन थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे याच परक्या कुकी, आजच ब्लॉक करा. बहुतेक कामं अडत नाहीत. एखादं पान अडलंच, तर तेवढ्या साइटपुरती परवानगी देता येते.