डोंगरातलं घर आणि वसंतातले पाहुणे

मंडळी, तुमच्यापैकी बहुतेकांची शेती डोंगराळ आहे. म्हणून आज मी उत्तर इटलीतल्या दक्षिण तिरोल प्रांताबद्दल बोलणार आहे. पहिल्या महायुद्धानंतर हा आल्प्समधला मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. बहुतेक घरांत आजही जर्मनच बोलतात. तिथले शेतकरी बाराशे-पंधराशे मीटर उंचीवर दहा-पंधरा गाई सांभाळून राहतात. आणि मार्चअखेरपासून शहरातली कुटुंबं पोराबाळांसह त्यांच्या घरी सुट्टीला येऊन राहतात.

वसंतातच का? उन्हाळ्यात बरीच जनावरं वरच्या कुरणांवर गेलेली असतात, गोठे ओस पडतात. वसंतात ती घरीच असतात. कोकरं, करडं नुकती जन्मलेली असतात. सोनेरी अंगाच्या, पांढऱ्या आयाळीच्या हाफ्लिंगर घोड्यांची शिंगरं आईमागे पळत असतात. या जातीचा मूळ पुरुष 1874 साली याच प्रांतात, श्लुडर्न्स गावी जन्मला. ईस्टरच्या सोमवारी प्रांतातल्या मेरानो शहरात शेतकऱ्यांची तरुण मुलंमुली या घोड्यांच्या शर्यती लावतात, आणि पाहुण्यांची पोरं कुंपणाला चिकटून ओरडत असतात. हिवाळ्यात बर्फाबरोबर घरंगळलेले दगड कुरणातून वेचायचे असतात, मोडलेली कुंपणं उभी करायची असतात. सहा वर्षांचं मूलही दगड वेचू शकतं आणि आनंदाने वेचतं.

खाली फिन्शगाउ खोऱ्यात एप्रिलमध्ये सफरचंदाच्या बागा फुलतात. याच दिवसांत रात्री पारा शून्याखाली गेला, तर वर्षाचं पीक एका पहाटेत जातं. तेव्हा शेतकरी मध्यरात्री उठून फुललेल्या झाडांवर तुषार सिंचन सुरू करतो. ऐकायला उलटंच वाटतं. पण पाणी गोठताना उष्णता सोडतं, आणि वरून पाणी पडत राहीपर्यंत बर्फाच्या कवचातलं फूल शून्याच्या आसपास टिकून राहतं. पाणी मध्येच बंद पडलं तर फूल उघड्यावर राहिलं असतं त्याहून वाईट गत होते, म्हणून ऊन वर येऊन बर्फ वितळू लागेपर्यंत कोणी झोपत नाही. सकाळी अख्खी बाग काचेची झालेली असते. हे पाहिलेल्या मुलाला सफरचंद महाग का, हे वेगळं सांगावं लागत नाही. मला तरी हा त्या सुट्टीतला सर्वांत मोलाचा धडा वाटतो.

फिन्शगाउत पाऊस फार कमी, वर्षाला साधारण 500 मिलिमीटर. म्हणून शेकडो वर्षांपासून डोंगरकडेने पाट काढलेले आहेत. त्यांवर पाटकरी नेमलेला असे. काही पाटांत एक छोटं पाणचक्र फिरे आणि त्याचा हातोडा घंटेवर पडत राही. घंटा थांबली की कुठेतरी पाणी अडलं, हे पाटकऱ्याला घरबसल्या कळे. आपल्या धुळे-नाशिककडच्या फड या सामाईक पाणीवाटपाच्या पद्धतीतही पाटकरी आणि जागल्या होतेच. मेरानोजवळचा मार्लिंगचा पाट सुमारे 12 किलोमीटर लांब आहे. त्याच्या काठची वाट जवळजवळ सपाट असल्याने आजीआजोबाही नातवंडांबरोबर चालतात.

आता पैशाचं बोलू. दहा-पंधरा गाईंच्या दुधावर घर चालत नाही. पाहुण्यांचे पैसे त्याला जोड देतात. पण तिथल्या कायद्यानुसार शेती हाच मुख्य धंदा राहावा लागतो, पाहुणचार दुय्यम. शेतकरी संघटनेची ‘रोटर हान’, म्हणजे लाल कोंबडा, ही खूण दीड हजारांहून अधिक घरांवर आहे. हॉटेलला तारे देतात, तशी या घरांना फुलं देतात. आपल्याकडेही 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं. तरी बऱ्याच ठिकाणी मी रेन डान्स आणि डीजे पाहतो, आणि मला वाईट वाटतं. अकोले, वेल्हे, जव्हारकडे चैत्र-वैशाखात राब भाजणं, शेणखत टाकणं, बांध घालणं चालू असतं, जाळ्यांवर करवंदं पिकतात. ही कामं पाहुण्यांपासून लपवू नका.

आणखी एक गोष्ट, आणि ती अवघड आहे. दक्षिण तिरोलमध्ये ‘अखंड शेत’ म्हणून नोंदलेल्या शेताची वाटणी होत नाही. ते अखंड एकाच वारसाकडे जातं, आणि भावंडांना बाजारभावाने नव्हे तर शेताच्या उत्पन्नाच्या हिशेबाने मोबदला मिळतो. ऑस्ट्रियाची राणी मारिया थेरेसा हिच्या काळातली, 1770 ची ही रीत इटलीने 1929 मध्ये मोडली आणि प्रांताने 1954 मध्ये परत आणली. यात धाकट्यांवर अन्याय होतो, हे मला मान्य आहे, आणि तसा कायदा इथे आणा असं मी म्हणत नाही. पण आपल्या सातबाऱ्यावर पंधरा-पंधरा नावं असतात, त्यातली निम्मी मुंबई-पुण्याला. पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायला कर्ज काढायचं म्हटलं की सगळ्यांच्या सह्या लागतात. तेव्हा खोल्यांचा नकाशा काढण्याआधी भाऊबंदांना एकत्र बसवा, जमीन कोण कसणार आणि इतरांना दरसाल काय मिळणार ते कागदावर लिहा. मे महिन्यात सगळे गावी येतातच. बैठक तेव्हाच ठेवा.