नाव ठेवण्याआधी रक्त तपासा

मंडळी, "आम्ही मासे खाणारी माणसं, आम्हाला कसला आलाय थायरॉइड?" हे वाक्य मी वेंगुर्ल्यापासून दापोलीपर्यंत ऐकलंय. त्यात थोडं तथ्य आहे. थायरॉइड ग्रंथीला आयोडीन लागतं आणि ते समुद्राच्या मासळीत असतं. गलगंडाचा पट्टा म्हणून जो भाग जुन्या पुस्तकांत सापडतो, तो हिमालयाच्या पायथ्याचा, आपला किनारा नव्हे. मात्र समुद्राच्या मिठात आयोडीन भरपूर असतं, हा गैरसमज आहे. शिरोड्याला १९३० साली ज्या मिठासाठी सत्याग्रह झाला, तसलं आगरातलं खडं मीठ चवीला कितीही छान असलं तरी त्यात आयोडीन नगण्यच. पिशवीतल्या मिठात ते वरून घातलेलं असतं.

पण आज माझ्यासमोर येणाऱ्या बहुतेक बायकांचा थायरॉइड आयोडीन कमी पडल्यामुळे मंदावलेला नसतो. शरीराची संरक्षणव्यवस्थाच आपल्या ग्रंथीवर उलटते. हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली त्या ग्रंथींचं वर्णन केलं, म्हणून त्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो. तो बांगडा खाऊन थांबत नाही.

आता हे सगळं मनाच्या आजारांवरच्या व्याख्यानात कशाला, असं वाटेल. त्यासाठी एक बाई डोळ्यांसमोर आणा. ही एक बाई नाही, अनेकजणींची मिळून मी केलेली आहे. वय पन्नाशीच्या पुढे. मुलगा मुंबईला. गणपतीला घरी येतो आणि चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात हजर. "डॉक्टरानू, आवशीक काय झाला ता कळना नाय. पूर्वीसारी बोलना नाय, बसल्या जाग्यार पेंगता." रोज बघणाऱ्या सुनेला हा बदल दिसलेला नसतो, कारण तो वर्षभर कणाकणाने झालेला असतो. चाकरमान्याला एका फटक्यात दिसतो. शेजाऱ्यांनी तोवर निदान करून टाकलेलं असतं: डोक्यावर परिणाम झालाय, नाहीतर बाहेरचं आहे. कुणी देवळात कौल लावून झालेला असतो, कुणी गाऱ्हाणं घालून. त्याला माझी हरकत नाही. गाऱ्हाणं घाला आणि त्याच दिवशी रक्तही द्या.

या बाईकडे नीट बघितलं तर निम्मं निदान खुर्चीत बसल्या बसल्या होतं. चेहरा सुजल्यासारखा, डोळ्यांखाली पिशव्या, भुवयांची बाहेरची टोकं विरळ, आवाज घोगरा, कातडी खरखरीत. मे महिन्यात फणस पिकतो त्या उकाड्यातही ती अंगावर चादर घेऊन बसायची, असं सून विचारल्यावर सांगते. मग मी तिला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं मोकळी सोडून बसायला सांगतो आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी हलकेच मारतो. पाऊल झटकन हलतं, तुमचं-आमचं हलतं तसंच. पण परत जागेवर येताना ते रेंगाळतं. हे रेंगाळणं एकदा पाहिलं की विसरत नाही. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावला की रक्तात वाढणारं संप्रेरक, त्याचा रिपोर्ट येईपर्यंत मला फारशी शंका उरलेली नसते.

हे काही नवीन ज्ञान नाही. थायरॉइड मंदावलेल्या रुग्णांना भास आणि भ्रम होतात, याची नोंद लंडनच्या वैद्यकीय समितीने १८८८ सालीच केली होती. १८९१ मध्ये जॉर्ज मरे या इंग्लिश डॉक्टरने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका बाईला टोचायला सुरुवात केली आणि ती पुढे २८ वर्षं जगली. तरीही १९४९ साली रिचर्ड अ‍ॅशर यांना अशा १४ रुग्णांवर लेख लिहावा लागला, ज्यांचं वेड थायरॉइडमुळे होतं आणि उपचारांनी त्यातले बरेचसे सुधारले. म्हणजे साठ वर्षांत डॉक्टर मंडळीही विसरली होती. आपल्याकडे "ह्येका रत्नागिरीक न्हेवक होया" असं कुणाबद्दल म्हटलं की पुढचं बोलणं संपतं. तिथल्या मनोरुग्णालयात न्यावं लागलं तर जरूर न्यावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पण निघण्यापूर्वी टीएसएच, साखर, सोडियम आणि बी-१२ एवढं तरी बघून घ्या.

लगेच उलटी बाजूही सांगतो, नाहीतर उद्या सगळे लॅबमध्ये रांग लावाल. प्रत्येक उदासी थायरॉइडची नसते. हल्ली अंगभर तपासणीची पॅकेजं निघाली आहेत. त्यात टीएसएच साडेपाच आला की घरात सगळे सुस्कारा टाकतात: चला, कारण सापडलं! एवढ्याशा वाढीने कुणी आत्महत्येचे विचार करत नाही. पासष्टीच्या पुढच्या माणसांना अशा किंचित वाढीसाठी गोळी देऊन थकव्यात काही फरक पडत नाही, हे २०१७ च्या मोठ्या चाचणीत दिसलेलं आहे. नैराश्य हा स्वतंत्र आजार आहे, त्याला त्याचेच उपचार लागतात. थायरॉइडच्या आडोशाला तो लपवू नका.

आता लिथियम. अ‍ॅशर यांचा लेख आला त्याच १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियम चालतं हे लिहिलं. आजही द्विध्रुवी आजारात, म्हणजे कधी उन्माद तर कधी खोल उदासी असं ज्यात होतं त्यात, त्याच्या तोडीचं औषध क्वचितच. पण हे औषध थायरॉइडला मंद करू शकतं. उन्माद आटोक्यात आला, माणूस शांत झाला, घरचे खूश. वर्षाने तो जास्तच शांत झाला तर ती थायरॉइडची सुस्ती असू शकते. म्हणून लिथियमवाल्याचा टीएसएच आणि किडनीची तपासणी दर सहा महिन्यांनी व्हायला हवी.

आणि आपल्या हवेत लिथियमला विशेष जपावं लागतं. हे क्षार आहे, किडनी ते सोडियमसारखंच हाताळते. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की किडनी मीठ धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. वैशाखात होडीवर दिवसभर घाम गाळणारा माणूस घ्या. किंवा पावसाळ्यात गढूळ पाण्याने जुलाब लागलेला. किंवा ज्याला बीपी निघालं म्हणून बायकोने मीठ एकदम बंद केलं तो. त्यात कंबर दुखली म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक. बीपीच्या काही गोळ्याही हेच करतात. रक्तातलं लिथियम साधारण ०.६ ते १.० या पट्ट्यात हवं; दीडच्या वर गेलं की विषबाधेची भीती. हात जोरात थरथरतात, तोल जातो, जीभ जड होते, उलट्या होतात. बघणारा म्हणतो, पुन्हा प्यायला लागला. असं दिसलं तर पुढची गोळी देऊ नका, तडक रुग्णालय गाठा.

दुसरी मनाची औषधं थोडक्यात. ओलान्झापिन, क्लोझापिन या भास-भ्रमांवरच्या गोळ्यांनी भूक पेटते. आपल्याकडे दोन वेळच्या भाताच्या राशीत ती कुणाला जाणवतही नाही. सहा महिन्यांत पँट बदलावी लागते, साखर चढते. त्यांच्यातल्याच रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं संप्रेरक, वाढून पाळी थांबते आणि पोरगी पीसीओडीचे, म्हणजे अंडाशयाच्या आजाराचे, उपचार घेत फिरते. ही औषधं मनाने बंद करू नका. सुरू करतानाच वजन आणि कंबर मोजून लिहून ठेवा. आपल्या लोकांत पुरुषांची कंबर ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं. साखर तीन महिन्यांनी पुन्हा बघा. डॉक्टर औषध बदलू शकतात, मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी जोडू शकतात. पण त्यांना कुणी सांगितलं तर!

साखर उतरल्यावरचं नाटक तर याहून भारी. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणारी आजी संकष्टीला दिवसभर उपाशी, गोळी मात्र नेमाने घेतलेली. तिन्हीसांजेला घामाघूम, डोळे फिरलेले, सुनेला शिव्या. वेळही नेमकी तिन्हीसांजेची, मग घरचे अंगाऱ्याकडे धावतात. अंगारा लावा, पण आधी बोटातून एक थेंब रक्त घेऊन यंत्रावर बघा. ७० च्या खाली असेल आणि ती गिळू शकत असेल तर साखरपाणी द्या. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतू नका. आणि उठून बसली तरी रुग्णालयात न्याच. या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा उतरते.

एक आजार दुर्मिळ असला तरी सांगतोच. बाळंतपणात फार रक्त गेलेली बाई, दूध आलंच नाही, पाळी परतली नाही. दहा-पंधरा वर्षांनी ती सुस्त, निरिच्छ, कशातच लक्ष नाही. मेंदूखालची पियूषिका ग्रंथी त्या रक्तस्रावात सुकलेली असते. शीहान यांनी १९३७ साली हे सविस्तर मांडलं. इथे फक्त टीएसएच बघून चालत नाही, तो नॉर्मलही येतो. आणि हिला आधी हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड द्यावं लागतं, थायरॉइडची गोळी नंतर. क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं. म्हणून बायकांना बाळंतपणाचा इतिहास विचारा, त्या आपणहून सांगत नाहीत.

चिठ्ठ्या आल्या आहेत. पहिली: थायरॉइडची गोळी चहाबरोबर चालेल का? नाही. पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तासांनी. बाटलीचं झाकण घट्ट लावा आणि ती चुलीजवळ किंवा खिडकीत ठेवू नका. पावसाळ्यातल्या दमट हवेने गोळी खराब होते. डोस बदलला तर सहा-आठ आठवड्यांनी रक्त द्या, आधी दिलंत तर पैसे वाया.

दुसरी: मनाच्या डॉक्टरांकडे जायला गाडीभाडं नाही, काय करू? १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, रात्रीबेरात्री लागतो, मराठीत बोलतात.

तिसरी, नाव न लिहिता: बरं वाटतंय, गोळी बंद केली तर? कोणती गोळी ते लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगतो. थायरॉइडची बंद केलीत तर पहिले काही दिवस काहीच होणार नाही, कारण ती रक्तात आठवडाभराने जेमतेम निम्मी होते. तुम्हाला वाटेल, बघा, गरज नव्हतीच. दीड-दोन महिन्यांनी चादर पुन्हा बाहेर निघेल. लिथियम एकदम तोडलंत तर उन्माद काही आठवड्यांतच उसळू शकतो. बंद करायचंच असेल तर ते हळूहळू, डॉक्टरांसमोर बसून ठरवायचं असतं. ज्यांनी ही चिठ्ठी लिहिली त्यांनी खाली उतरल्यावर मला भेटा, इथे सगळ्यांसमोर नाव सांगायची गरज नाही.