पाहणारे हात

मित्रहो, हस्तकौशल्य शिकताना पाहणं आणि करणं यांचं नातं काय, यावर बोलायला तुम्ही मला बोलावलंत. आधी हात क्षणभर मांडीवर ठेवा आणि माझ्याकडे बघा. हा मी चिमटीत खडू उचलला. तुमचं बोटही हललं नाही, बरोबर? तरी तुमच्या मेंदूत काहीतरी घडलं. १९९५ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ लुचानो फादिगा आणि सहकाऱ्यांनी ते मोजलं. समोरचा माणूस वस्तू पकडतोय हे पाहणाऱ्यांच्या मेंदूच्या हालचाल-केंद्राला त्यांनी चुंबकीय धक्का दिला. एरवीपेक्षा हाताच्या स्नायूंचा प्रतिसाद मोठा आला. आणि तो त्याच स्नायूंत वाढला, जे ती पकड स्वतः करताना वापरले जातात.

या साऱ्याची सुरुवात इटलीतल्या पार्मामध्ये झाली. जाकोमो रिझोलात्तींचा गट मकाक जातीच्या माकडांच्या प्रीमोटर कॉर्टेक्समधल्या, म्हणजे हालचालीची आखणी करणाऱ्या मेंदूच्या पट्ट्यातल्या, एफ-५ या भागातल्या पेशी तपासत होता. हात वस्तू पकडतो तेव्हा या पेशी सक्रिय होतात, हे ठाऊक होतं. पण प्रयोग करणाऱ्याने खाऊचा तुकडा उचलला की माकड नुसतं पाहत असतानाही काही पेशी सक्रिय होत. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि पुढे याच पेशी ‘मिरर न्यूरॉन’, म्हणजे आरशासारख्या चेतापेशी, या नावाने जगभर गाजल्या.

इथे मला जरा थांबायचंय, कारण ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो. १९९६ च्या सविस्तर अभ्यासात ५३२ पेशी नोंदवल्या गेल्या. त्यातल्या फक्त ९२ करताना आणि पाहताना, दोन्ही वेळा प्रतिसाद देणाऱ्या होत्या. वस्तू नसताना पकडण्याचा नुसता अभिनय केला, तर त्या सहसा प्रतिसाद देत नसत. एवढ्या नेमक्या निरीक्षणावर लोकांनी सहानुभूती, भाषा, संस्कृती, ऑटिझम, सगळ्याचा भार टाकला. एखादं खरं निरीक्षण इतकं ताणलं की त्यातली खरी गंमत हरवते. मग पुढचा प्रश्न कोणी विचारतच नाही: मेंदूत इतकं चालू असताना पाहणाऱ्याचा हात हलत का नाही?

त्या प्रश्नाचा एक धागा २००९ मध्ये सापडला. एफ-५ मधून मज्जारज्जूकडे थेट तंतू पाठवणाऱ्या पेशी तपासल्या, तर त्यातल्या काही स्वतः पकडताना जोमाने काम करत आणि पाहताना उलट शांत होत. म्हणजे पाहण्यात हालचालीची तयारी आहे आणि ती आवरून धरणंही आहे. मला विचाराल तर या शोधातलं सर्वांत सुंदर पान हेच, आणि तेच सर्वांत कमी वाचलं जातं.

संयोजक घड्याळ दाखवताहेत आणि ज्यासाठी बोलावलंत तो मुद्दा राहिलाच आहे. भराभर सांगतो. माझं म्हणणं असं: पाहणाऱ्या मेंदूचा प्रतिसाद करण्याच्या सरावातून घडतो. २००६ मध्ये बॅले नर्तक आणि नर्तिका यांना एकमेकांच्या खास हालचाली दाखवल्या. दोन्ही प्रकार त्यांनी रोज पाहिलेले होते. तरी जी हालचाल स्वतः करतात, ती पाहताना प्रीमोटर भागाचा प्रतिसाद जास्त होता. २००७ मध्ये कॅरोलाइन कॅटमूर यांच्या गटाने लोकांना उलटा सराव दिला: समोर तर्जनी हलली की करंगळी हलवायची आणि करंगळी हलली की तर्जनी. सरावानंतर तर्जनी पाहताना करंगळीच्या स्नायूचा प्रतिसाद वाढू लागला. हे नातं जन्मजात पक्कं असतं, तर ते असं फिरवता आलं नसतं.

त्याच वर्षी पक्षाघातानंतर हात कमकुवत झालेल्या रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला. रोजच्या हस्तक्रियांचे व्हिडिओ बघायचे आणि लगेच त्याच क्रिया करायच्या. चार आठवड्यांत हाताच्या कामात सुधारणा दिसली. रुग्ण कमी होते, म्हणून दावा बेतानेच करायला हवा. पण बघणं आणि करणं तिथे जोडीने होतं, आणि हस्तकौशल्य शिकवताना ही जोडी आपण फार सहज तोडतो. आधी तासभर दाखवतो, मग केव्हातरी हातात देतो. थोडं करू द्या, मग दाखवा, पुन्हा करू द्या. प्रश्न घेतो, शिकवणाऱ्यांनी आधी विचारावेत.