बॅटरी मरते ती पहाटे

नमस्कार. माझं उन्हावर चालणारं पहिलं यंत्र टेबलावर झकास चाललं होतं. मातीतला ओलावा मोजायचा आणि दर पंधरा मिनिटांनी आकडा वायफायवरून पाठवायचा, एवढंच त्याचं काम. भर दुपारी खिडकीत ठेवलं, चार्जरचा लाल दिवा लागला, मी खूश! मग ते उघड्यावर नेऊन खांबाला बांधलं. अकराव्या दिवशी ते गप्प झालं. जाऊन बघतो तर ऊन लख्ख, पॅनल स्वच्छ, लाल दिवासुद्धा लागलेला. यंत्र मात्र दर दोन-तीन सेकंदांनी उठत होतं आणि पडत होतं. शेवटचा आकडा आला होता पहाटे पावणेसहाला.

तेव्हापासून मी दुपारचा विचार करणं सोडून दिलं. दुपारी सगळ्यांचंच चालतं. रात्रभर खर्च होऊन सेल सगळ्यात रिकामा असतो तो पहाटे, थंडही तेव्हाच असतो, आणि नेमकं त्याच वेळी पॅनल थोडी थोडी वीज द्यायला लागतं. आज जे सांगणार आहे ते या एका तासाभोवतीच फिरतं.

आधी खर्च. पॅनल केवढं घेऊ, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि मी उलट विचारतो की तुमचा बोर्ड झोपेत किती खातो? माझ्या यंत्रातली ईएसपी३२ ही वायफायवाली चिप गाढ झोपेत, म्हणजे जवळजवळ सगळं बंद असताना, साधारण १० मायक्रोअँपिअर घेते. समजा ती दिवसातून ९६ वेळा उठली, दर वेळी ५ सेकंद जागी राहिली आणि जागेपणी सरासरी १०० मिलिअँपिअर घेतले. दिवसाचे झाले सुमारे १३ मिलिअँपिअर-तास. २५०० मिलिअँपिअर-तासांचा एक १८६५० सेल, म्हणजे नेहमीचा दंडगोल लिथियम-आयन सेल, कागदावर सहा महिने पुरेल, तेही अजिबात ऊन न मिळता. पण आपण नुसती चिप थोडीच लावतो? आपण लावतो तयार बोर्ड. त्यावर सतत जळणारा छोटा दिवा असतो, यूएसबीची चिप असते आणि बऱ्याचदा व्होल्टेज स्थिर ठेवणारा १११७ जातीचा रेग्युलेटर असतो, जो स्वतःपुरतेच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. सगळं मिळून १० धरा. दिवसाचे २४० झाले! सहा महिन्यांचा सेल दहा दिवसांवर आला. माझे अकरा दिवस कुठून आले, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आता १ वॉट, ६ व्होल्टचं पॅनल घ्या. भर उन्हात ते १६० मिलिअँपिअरपर्यंत देतं. दाट ढगांत त्याचा दहावा हिस्सा धरा, म्हणजे १६, आणि असे सहा तास. जेमतेम १०० मिलिअँपिअर-तास जमा झाले. खर्च १३ असेल तर ढगाळ दिवशीसुद्धा तुम्ही श्रीमंत. खर्च २५० असेल तर रोज दीडशेचा खड्डा. पॅनल दुप्पट केलं तरी तो बुजत नाही. दिवा उखडून टाकला आणि रेग्युलेटर बदलला की बुजतो. म्हणून पॅनल मागवण्याआधी झोपेतला करंट मोजा. मल्टीमीटर मायक्रोअँपिअरच्या रेंजवर ठेवताना एक काळजी घ्या. बोर्ड जागा होताना जास्त करंट ओढतो, त्या रेंजमध्ये मीटरवरच व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होतो. आधी मोठ्या रेंजवर झोपू द्या, मग रेंज बदला.

आता चार्जर. लिथियम-आयन सेलला आधी ठरावीक करंट द्यायचा, ४.२ व्होल्टला पोहोचला की व्होल्टेज तिथेच धरून करंट उतरू द्यायचा. हे काम टीपी४०५६ सारखी स्वस्त चिप चोख करते. गोम अशी की ही चिप भिंतीतल्या अडॅप्टरसाठी बनलेली आहे. मागेन तेवढं मिळेल असं ती धरून चालते, आणि ती बसवलेल्या तयार छोट्या बोर्डावर, म्हणजे मॉड्यूलवर, तिची मागणी १ अँपिअर ठरवलेली असते. पॅनल म्हणजे झरा. जेवढा उजेड तेवढाच करंट. झऱ्यावर मोठा पंप लावला तर तो क्षणात तळ गाठतो आणि हवा ओढायला लागतो, तसं इथे पॅनलचं व्होल्टेज कोसळतं. फार कोसळलं की चिप बंद होते, भार सुटल्यावर व्होल्टेज वर येतं, चिप पुन्हा चालू होते. सकाळच्या कोवळ्या उजेडात हा खेळ तासभर चालू शकतो.

साधा उपाय म्हणजे मागणी कमी करणं. मॉड्यूलवरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर काढून १० किलोओहमचा लावला की करंट १३० मिलिअँपिअरवर येतो. त्याहून बरा उपाय म्हणजे सीएन३०६५ सारखी चिप, जी समोरून मिळेल तेवढंच घेते. सीएन३७९१ तर पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर धरून ठेवते. पण खरं सांगू? एक-दोन वॉटच्या पॅनलला एमपीपीटीचा, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढायच्या अशा युक्तीचा, सोस मला पटत नाही. ६ व्होल्टचं पॅनल आणि साधा चार्जर पुरे. ५ चं मात्र नको. पॅनलवरचे आकडे २५ अंश तापमानाचे असतात आणि व्होल्टेज दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्का उतरतं. उन्हात ६५ अंशांवर गेलेलं ५ व्होल्टचं पॅनल सव्वाचारवर येतं, मग ४.२ चा सेल कसा भरणार?

थंडीबद्दल मात्र मी हट्टी आहे. शून्य अंशाखाली लिथियम-आयन सेल वापरता येतो, चार्ज करता येत नाही. सेलमधल्या ग्रॅफाइटच्या आत शिरायच्या ऐवजी लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू होऊन साचतं. क्षमता कायमची जाते आणि आतल्या आत शॉर्ट होण्याची भीती राहते. टीपी४०५६ ला तापमान कळण्यासाठी एक पिन आहे, पण तयार मॉड्यूलवर ती बहुधा ग्राउंडला जोडून निकामी केलेली असते. हिमाच्या जागी यंत्र लावणार असाल तर ती पिन सोडवून तिला थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे बदलणारा रेझिस्टर, जोडा. (इथे एकाने लिथियम आयर्न फॉस्फेट या दुसऱ्या जातीच्या लिथियम सेलचं विचारलं.) हो, तो सेल उन्हात जास्त टिकतो, शांतही आहे. पण थंडीत चार्ज करायला तोही नको म्हणतो, आणि त्याला ३.६ व्होल्टच्या आसपास थांबणारा वेगळा चार्जर लागतो.

राहिलं ते उठण्या-पडण्याचं. माझ्या यंत्राचा सेल ३ व्होल्टच्या खाली गेला होता. पॅनलने थोडं भरलं की बोर्ड उठायचा, वायफाय लावायचा, व्होल्टेज पडायचं, रीसेट. कमावलेलं सगळं उठण्यातच उडवत होता. मॉड्यूलवरच्या संरक्षण चिपच्या भरवशावर राहू नका. नेहमीची डीडब्ल्यू०१ २.४ व्होल्टला तोडते, आणि तसाच पडून राहून सेल आणखी खूप उतरला की त्याच्या आतलं तांबं विरघळायला लागतं. प्रोग्राममध्ये उठल्या उठल्या, वायफाय लावायच्या आधी, सेलचं व्होल्टेज मोजा. ३.३ च्या खाली असेल तर काही न पाठवता तासभर झोपा, आणि ३.६ च्या वर गेल्याशिवाय पुन्हा कामाला लागू नका. दोन आकड्यांत अंतर हवंच, नाहीतर बोर्ड सीमारेषेवर नाचत राहतो.

यंत्र बाहेर नेण्याआधी मी आता एकच परीक्षा घेतो. पॅनलवर जाड कापड टाकतो, प्रोग्राम स्वतःहून झोपेत जाईपर्यंत सेल उतरू देतो, आणि मग एका पहाटे कापड काढून चहा घेऊन शेजारी बसतो. ते आपोआप उठून पहिला आकडा पाठवेपर्यंत हात लावत नाही.