प्रयोग तयार झाला, हे कोण सांगणार?

मित्रहो, मागे जादूच्या एका कार्यशाळेत एका मुलीने मला विचारलं होतं, "सर, प्रयोग आता तयार झाला, हे तुम्हाला कळतं कसं?" मी पटकन म्हणालो, "सरावाने कळतं." घरी गेल्यावर ते उत्तर मला टोचत राहिलं, कारण ते अर्धंच होतं. सरावाने हात तयार होतात. प्रयोग तयार होतोच असं नाही. ती मुलगी आज इथे बसली आहे, आणि राहिलेलं अर्धं उत्तर तिला देण्यासाठी मी उभा आहे.

आमच्या कलेत एक विलक्षण अडचण आहे. गवयाला स्वतःचा सूर ऐकू येतो. चित्रकार चार पावलं मागे सरून आपलं चित्र बघू शकतो. जादूगाराला मात्र स्वतःची जादू कधीच दिसत नाही. ज्याला गुपित ठाऊक आहे त्याला फक्त कृती दिसते: बोट कुठे गेलं, पत्ता कुठून सरकला. म्हणून आपण आरशाकडे वळतो, आणि आरसाही दगा देतो. आरशासमोर सराव करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला एक खोड लागते. पत्ता तळहातात लपवायच्या नेमक्या क्षणी पापणी मिटते. चूक दिसू नये म्हणून आपलेच डोळे आपल्याला वाचवतात. माझी ही खोड मला कॅमेऱ्याने दाखवली. तोवर काही वर्षं मी तो प्रयोग 'निर्दोष' समजत होतो.

हा प्रयोग कोणता, ते सांगतो. प्रेक्षक एक पत्ता दोन्ही तळहातांमध्ये दाबून धरतो, आणि हात उघडल्यावर तिथे दुसराच पत्ता असतो. लोक टाळ्या वाजवत, आणि नंतर भेटल्यावर म्हणत, "पत्ता हातात देताना तुम्ही काहीतरी केलंत." त्यांनी काही पाहिलेलं नसायचं. पण बोट ते बरोबर जागी ठेवायचे. मी हात सुधारला. आणखी दोन वर्षं सुधारला. लोक तेच म्हणत राहिले. दोष हातात नव्हताच. पत्ता दिल्या दिल्या मी लगेच हात उघडायला सांगत होतो. कारण आणि परिणाम एकमेकांना इतके चिकटून होते की साध्या माणसालाही ते जोडता यावेत.

स्पेनचे जादूगार आर्तुरो दे आस्कानिओ यांनी यासाठी एक सुंदर शब्दप्रयोग केला आहे: विस्मरणाचा कंस. गुप्त कृती आणि चमत्कार यांच्यामध्ये थोडा काळ घाला, त्यात मन रमेल असं काही घाला, म्हणजे मधली ती कृती आठवणीतून गळून पडते. मी एवढंच केलं. पत्ता हातात दिल्यावर प्रेक्षकाशी बोलायला लागलो. त्याने तो पत्ता का निवडला, हे खरोखर जाणून घ्यायचं म्हणून विचारू लागलो. पुढे एकदा, प्रयोग होऊन बरेच दिवस झाल्यावर, एक बाई त्यांच्या मैत्रिणीला तो प्रसंग सांगत होत्या आणि मी शेजारी उभा होतो. त्या म्हणाल्या, "यांनी पत्त्याला हातसुद्धा लावला नाही. मीच काढला, मीच धरला." मी हात लावला होता. दोनदा लावला होता. त्यांच्या आठवणीने माझा हात पुसून टाकला होता.

त्या दिवशी माझा तो प्रयोग पहिल्यांदा तयार झाला, असं मी मानतो. आमचा प्रयोग मंचावर घडतो, पण पुरा होतो तो पाहणाऱ्याच्या सांगण्यात. म्हणून टाळ्यांपेक्षा मी सांगण्यावर कान ठेवतो. आठवड्याने विचारावं, "काय पाहिलं होतंत?" आणि मग मध्ये न बोलता ऐकावं.

हे किती खरं आहे, ते १९५६ साली लंडनमध्ये दिसलं. ९ एप्रिलला आपले भारतीय जादूगार पी. सी. सरकार बीबीसीच्या 'पॅनोरमा' या टीव्ही कार्यक्रमात होते. बाईला करवतीने कापण्याचा प्रयोग तेव्हा नवा नव्हता. लंडनच्याच रंगमंचावर जादूगार पी. टी. सेलबिट यांनी १९२१ च्या जानेवारीत तो केला होता, आणि तिथून तो जगभर गेला होता. शेवट सगळ्यांच्या ओळखीचा: बाई हसत उठते. सरकारांनी विजेवर फिरणारी करवत सहायिकेच्या अंगातून घातली, मग तिचे हात चोळले, तिला जागं करू लागले. ती हलली नाही. त्यांनी तिचा चेहरा कापडाने झाकला, आणि त्याच वेळी निवेदक रिचर्ड डिंबलबी कॅमेऱ्यासमोर येऊन निरोप घेऊ लागले. कार्यक्रम संपला. बीबीसीकडे फोनची रीघ लागली, कारण कितीतरी लोकांना वाटलं की आपल्या डोळ्यांदेखत एक बाई मेली. वेळ संपली, असं कारण सांगण्यात आलं. सरकारांसारखा वेळेचा पक्का माणूस चुकून लांबणार नाही, म्हणून हे ठरवूनच झालं असावं, असं मानणारे पुष्कळ आहेत. मीही त्यांच्यातलाच.

बाई उठलीच नाही, म्हणून प्रयोग अर्धवट राहिला असं म्हणायचं का? मला वाटतं, त्या रात्री तो घराघरांत चालू राहिला, आणि म्हणूनच आजही त्याच्याबद्दल बोललं जातं. पण माझं एक मत स्पष्ट सांगतो. प्रेक्षकाला भीतीत सोडून जाणं मला मान्य नाही. विस्मय मागे ठेवावा, धसका ठेवू नये. सरकारांविषयी आदर ठेवूनही मी तो शेवट कधी करणार नाही.

याच्या अगदी उलट टोकाला अर्जेंटिनाचे रेने लावांद. १९२८ चा जन्म, नऊ वर्षांचे असताना अपघातात उजवा हात गेला. ते एका डाव्या हाताने पत्त्यांची जादू करत, आणि तीसुद्धा सावकाश. लाल आणि काळे पत्ते ज्या क्रमाने ठेवले, त्याहून वेगळ्याच क्रमाने निघत. मग ते म्हणत, याहून सावकाश करता येत नाही. थोडं थांबून जोडत, की येतं? आणि खरोखर आणखी सावकाश करत. माणसं घाई करून दोष लपवतात. लावांद यांनी लपण्याची जागाच काढून घेतली. तरुणांना मी म्हणतो, तुमचा प्रयोग निम्म्या वेगाने करून बघा. जिथे अंग चोरावंसं वाटेल, तिथे अजून काम बाकी आहे.

कधी हात पूर्ण असतात आणि विचार अपुरा असतो. पेन आणि टेलर या अमेरिकन जादूगारांच्या जोडीतल्या टेलर यांचा लाल चेंडूचा प्रयोग घ्या. चेंडू पाळीव कुत्र्यासारखा त्यांच्यामागे फिरतो, उडी मारतो, रुसतो. मूळ कल्पना जादूगार डेव्हिड अ‍ॅबट यांची, शंभर वर्षांपूर्वीची. टेलर यांनी त्यावर महिनोन्‌महिने, रात्रीचा खेळ संपल्यावर रिकाम्या मंचावर, मेहनत घेतली. जोडीदाराला तो तरीही आवडेना. मग पेन यांनी सुरुवातीला एक वाक्य घातलं: हा प्रयोग फक्त एका दोऱ्याने केला जातो. बस्स. प्रेक्षक आता दोरा शोधत बसतो, आणि समोर चेंडूमध्ये जीव आल्यासारखा दिसतो, तेव्हा दोरा ठाऊक असूनही त्याचं मन हरतं.  बदललं होतं ते प्रेक्षकाने घरी न्यायचं वाक्य.

आता कप आणि चेंडूंचं काय, म्हणजे उलट्या कपांखाली चेंडू नाहीसे होतात आणि पुन्हा सापडतात, त्या जुन्या खेळाचं? सेनेका या रोमन विचारवंताने एका पत्रात वाट्या आणि खड्यांच्या खेळाचा उल्लेख केला आहे. त्याचं म्हणणं असं, की त्या फसवणुकीतच मजा आहे, कसं होतं ते कळलं की गोडी जाते. म्हणजे हा खेळ किमान दोन हजार वर्षांचा, आणि तरी कोणाच्या हातून तो पुरा झालेला नाही. पत्त्यांचे मोठे जादूगार डाय व्हर्नन तर ९८ व्या वर्षी गेले. त्यांनी १९२२ मध्ये बेड्यांतून सुटणाऱ्या प्रसिद्ध जादूगार हुडिनीला, कोणतीही युक्ती तीनदा पाहून ओळखतो म्हणणाऱ्या हुडिनीला, एकाच पत्त्याने पुन्हा पुन्हा चकवलं होतं. एवढं झाल्यावर माणूस थांबला असता तर चाललं असतं. व्हर्नन कप आणि चेंडू म्हातारपणापर्यंत घासत राहिले, आणि बहुधा काढतच गेले. फाजील हालचाल, फाजील शब्द.

म्हणून, मुली, तुझ्या नाण्याच्या प्रयोगाबद्दल. नाणं नाहीसं झाल्यावर तू दोन्ही तळहात उलटेसुलटे करून दाखवतेस. कोणी मागितलेलं नसताना पुरावा देतेस, आणि पुरावा दिला की संशय जागा होतो. पुढच्या वेळी हात नुसता उघड आणि तसाच राहू दे. मग आज इथे बसलेल्यांपैकी एका अनोळखी माणसाला तो दाखव, नाव-नंबर घेऊन ठेव, आणि पुढच्या आठवड्यात फोन करून विचार, त्या दिवशी काय झालं होतं. तो काय सांगेल ते शब्द न बदलता लिहून काढ, आणि मला आणून दाखव. मलाही वाचायचंय.