फळ्यावरची सही

नमस्कार श्रोतेहो. कारखान्यातल्या पाळ्यांच्या तक्त्यापासून क्लासमधल्या गणितापर्यंत आता सगळीकडे पांढरा फळा, म्हणजे आपला व्हाइटबोर्ड. खडूची धूळ नाही, हा मोठा गुण. पण समोर ट्यूबलाइट असली की चकाकतो आणि मागच्या बाकावरून लाल-हिरवं धड वाचता येत नाही. म्हणून काळं किंवा निळं पेन. पुन्हा सांगतो, काळं किंवा निळं.

आमच्या ओळखीच्या एका शाळेला देणगीतून असा फळा मिळाला. उद्घाटनाला पाहुणे आले, नारळ फुटला. कुणीतरी म्हणालं, साहेब, पहिलं अक्षर तुमचंच! साहेबांनी स्वतःच्या खिशातलं मार्कर काढलं, बरोब्बर मध्यभागी ‘हार्दिक शुभेच्छा’ लिहिलं आणि खाली हातभर सही ठोकली. टाळ्या! संध्याकाळी शिपाईमामा पुसायला गेले, तर सही हलेना. मार्कर परमनंट! पाणी झालं, साबण झाला. एकाने तारेची घासणी आणली, ती हेडसरांनी हिसकावून घेतली. बरोबरच केलं. चरे पडले की पुढची शाई त्यात कायमची अडकते.

मग तसेच वर्ग सुरू. भूगोलाच्या बाईंनी महाराष्ट्र काढला, तर कोकण किनारा साहेबांच्या आडनावावरून गेला. गणिताच्या सरांनी सहीभोवती वर्तुळ काढून त्रिज्या विचारली.

शेवटी चित्रकलेचे सर रजेवरून आले. बोर्डाचं साधं काळं पेन घेऊन त्यांनी सही हुबेहूब गिरवली आणि ओली असतानाच फडकं फिरवलं. दोन्ही सह्या गायब! पुढच्या वर्षी साहेब पुन्हा आले. कोरा फळा पाहून त्यांचा हात खिशाकडे गेला, तसे हेडसर पुढे झाले. “साहेब, या वेळी शेरेबुकात.”

कारण सोपं आहे. बोर्डाच्या पेनात स्पिरिटसारखा द्रव असतो, तो वाळलेली शाई सैल करतो. वर लिहा, वाळायच्या आत पुसा. लक्षात राहील? वर लिहा, वाळायच्या आत पुसा.

ऑफिसवाल्यांनो, विषय हा नाही, तरी बोलतो. मीटिंग संपली की बोर्डाचा फोटो काढता आणि तो पुन्हा कोणी उघडत नाही. त्यापेक्षा वहीत चार ओळी लिहा हो!

वेळ संपत आली. पेनं आडवी ठेवा. टोक वर करून उभी ठेवली की शाई खाली उतरते आणि भरलेलं पेन आपण कचऱ्यात टाकतो. नमस्कार.